अक्काच्या विमानतळापर्यंतचा दोरा

तीर्थरूप अक्काच्या चरणी धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा खांदा शाळेतला जगाचा नकाशा भिंतीवरून उतरवताना लचकला आहे. तेव्हा तूर्त सातच अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा, आठव्याचं पत्राच्या शेवटी बघू.)

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी भावजय ठणठणीत आहे आणि मला बोलण्याइतका श्वास तिला पुरतो आहे. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या मागच्या पत्रात त्याच्याविषयी दीड ओळ होती आणि माझ्याविषयी दीड पान, पण तक्रार दोन्हीकडे एकच होती, की वाकत नाही. गुडघ्याला निदान तेल लावता येतं. माझ्या बाबतीत तू वेगळा उपचार सुचवलास, आणि त्याचं पुढे काय झालं हे सविस्तर कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

तुझं ते पान मला पाठ झालं आहे. (पाठांतर हा माझा धंदाच आहे. सव्वीस वर्षं मुलांकडून रूपं पाठ करून घेतो आहे. मुलं विसरतात, मी नाही.) तू लिहिलंस : "मला इथे येऊन अकरा वर्षं झाली. दर वर्षी तू लिहितोस, अक्का, अंतर फार आहे रे देवा. किती फार, हे एकदाही लिहिलं नाहीस. आता मोजून कळव. माझ्या विमानतळापासून तुझ्या विमानतळापर्यंत. फोनमध्ये बघून सांगू नकोस, स्वतःच्या हाताने मोज. दहा हजार किलोमीटरच्या वर निघालं तर जन्मात पुन्हा तुला ये म्हणणार नाही. खाली निघालं तर काय करायचं ते तुला सांगायला नको, तू शिकलेला आहेस." हे तू फोनवर बोलली असतीस तर मी 'आवाज तुटतोय' म्हणून सुटलो असतो. ते ओळखून तू कागद घेतलास. शेवटच्या तीन शब्दांत जो मार आहे, तो फोनवर इतका बसलाही नसता.

अक्का, तुला आठवतं का, लहानपणी दाराच्या चौकटीशी उभं करून तू माझी उंची मोजायचीस? मी हळूच टाचा उचलायचो आणि तू काही न बोलता डोक्यावरची पट्टी अशी दाबायचीस की टाचा आपोआप टेकायच्या. पत्र वाचल्यावर तीच पट्टी पुन्हा डोक्यावर आली. तरी सांगायला हरकत नाही, पहिला विचार टाचा उचलण्याचाच आला. अंतर दहा हजारांच्या वर निघणार याची मला खात्री होती. आयुष्यात विमानात पाऊल न टाकलेल्या माणसाला सगळेच विमानतळ दहा हजारांच्या वर असतात.

दुसऱ्याच दिवशी मधल्या सुटीत स्टुलावर चढून मी शिक्षकांच्या खोलीतला नकाशा उतरवला. (खांद्याचा वृत्तान्त वर आलाच आहे.) तो मोठ्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार विषयांच्या वह्यांचे गठ्ठे ठेवले आणि आमच्या घराखालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांकडून आणलेली टेप काढली. नकाशाची पूर्ण रुंदी एकशे साठ सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला अडीचशे. आपल्या दोघांच्या विमानतळांमध्ये भरले साडेसत्तावन्न सेंटिमीटर. आता त्रैराशिक. जुन्या गणितात त्रैराशिकातल्या तिसऱ्या संख्येला 'इच्छा' म्हणतात आणि उत्तराला 'इच्छाफल'. माझं इच्छाफल आलं चौदा हजार तीनशे पंच्याहत्तर किलोमीटर! इच्छा आणि फल यांचं इतकं सख्य मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथे तुला पत्र लिहिलं, खेदाचे दोन शब्द घातले, पाकिटाची कड जिभेने ओली केली, आणि नेमक्या त्याच वेळी भूगोलाच्या बाई आत आल्या.

या बाई तशा अबोल आहेत. चहाचा पेला घेऊन खिडकीशी उभ्या राहतात आणि आमची भांडणं संपली की वर्गावर जातात. त्या दिवशी मात्र पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "सर, हे काय मोजताय?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी नापास होऊ घातलेल्या मुलांकडे पाहतो. "वरचं ते बर्फाचं बेट बघा. खालच्या अख्ख्या खंडाएवढं दिसतंय ना? तेवढं नाहीये ते. ताणलंय."

"कुणी?"

"नकाशा काढणाऱ्यांनी. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवायची म्हणजे वरचा भाग ओढून रुंद करावाच लागतो. तुमची बहीण राहते तिकडे तर फारच ओढलाय, आणि आपलं गावही तितकंच उत्तरेला, म्हणून इथेही."

"मग असला खोटा नकाशा इतकी वर्षं भिंतीवर ठेवलात कशाला?"

"सर, त्याच्या मागे भिंतीला भोक आहे."

वळून पाहिलं तर खरंच होतं. त्यातून मुख्याध्यापकांचं टेबल दिसत होतं आणि टेबलामागून मुख्याध्यापक आमच्याकडे बघत होते. नकाशा तातडीने पुन्हा चढवला. पाकीट ओलं होतं ते तसंच फाडून टाकलं. बाईंनी कपाटातून एक पृथ्वीगोल काढून माझ्या हातात दिला. त्याची दांडी मोडलेली होती आणि वरच्या अंगाला एक चांगलाच पोचा होता. (कुठल्याशा वर्गाने एका पावसाळी दिवशी तो चेंडू म्हणून वापरला होता. बाई म्हणाल्या, "सर, त्या तासाला तुम्हीच होतात." मी विषय वाढवला नाही.)

पृथ्वी मांडीवर घेऊन बसने घरी जाणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. शेजारच्या गृहस्थांनी चष्मा लावून आपलं गाव शोधायला घेतलं, सापडेना तेव्हा मला दोष दिला आणि उतरताना सांगून गेले की जरा ताजी आणत चला. घरी दांडीअभावी पृथ्वी कशावरच टेकेना, म्हणून मी ती एका पातेल्यात ठेवली. तुझी भावजय भाजी चिरता चिरता म्हणाली, "पृथ्वी पातेल्यात ठेवलीत, हरकत नाही. पण ते दुधाचं पातेलं आहे." दुसरं दिलं तिने. ते जरा लहान निघालं, त्यामुळे पृथ्वीचा दक्षिण भाग आत अडकला. पण आपलं काम उत्तरेतच होतं.

आता माझी पद्धत ऐक, कारण माझी विद्वत्ता जी काय उघडी पडली ती इथेच. शिंपीकाकांकडून काळा दोरा आणि टाचण्या आणल्या. पृथ्वीच्या पोटाचा घेर दोऱ्याने मोजला, चौऱ्याण्णव सेंटिमीटर भरला. मग तुझ्या विमानतळावर एक टाचणी, माझ्या विमानतळावर एक. दोन्ही विमानतळ विषुववृत्तापासून उत्तरेला जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, त्यामुळे मधला रस्ता त्याच आडव्या रेषेवरून जाणार हे मला उघड दिसत होतं. नकाशावर नाही का तसाच सरळ दिसत? दोरा त्या रेषेवर राहीना, सारखा वर सरकायचा. मी त्याला शिस्त लावली. रेषेवर ओळीने नऊ टाचण्या टोचल्या आणि दोरा त्यांच्या खालून पायरी-पायरीने नेला. भरले चोवीस सेंटिमीटर. त्रैराशिक! दहा हजार दोनशे तेरा!

मी ओरडलोच असणार, कारण तुझी भावजय सुरी हातात घेऊन आली. मी आकडा सांगितला. तिने टाचण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे अटीच्या वर दोनशे तेराच?"

"वर ते वर. अट म्हणजे अट."

"अहो, दोनशे तेरा किलोमीटर म्हणजे माझं माहेर. तिथे आपण सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो. तेवढ्यावर अक्कांना जन्मभराचं नाही कळवणार?"

मी म्हणालो की हा तर्काचा प्रश्न आहे, भावनेचा नाही. ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर त्या 'बरं'वर मला भाष्य लिहिता येईल, पण ते पत्रात मावणार नाही.

तेवढ्यात शिंपीकाका आपली टेप परत न्यायला वर आले. हा गृहस्थ चाळीस वर्षं लोकांची मापं घेतो आहे आणि माणसाकडे बघतो तेव्हा खांद्यापासून सुरुवात करतो. ("उजवा उतरलाय तुमचा," हे त्यांचं पहिलं वाक्य.) मग त्यांची नजर पातेल्यातल्या पृथ्वीवर गेली आणि तोंड कडू झालं. "दोरा असा धरतात होय? कुठे सैल, कुठे अडकलेला. असं माप घेऊन मी सदरा शिवला असता तर गिऱ्हाइकाने मलाच घातला असता."

मी अक्षवृत्त, रेखावृत्त वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऐकता ऐकता माझ्या मधल्या नऊच्या नऊ टाचण्या उपटून आपल्या सदऱ्याच्या कडेला खोचल्या. मग दोन टोकं दोन बोटांनी धरली आणि दोरा ओढला. अक्का, दोरा सरसर वर चढला. माझी आडवी रेषा सोडून उत्तरेकडे गेला, बर्फाच्या बेटाला खेटून पलीकडे उतरला आणि तुझ्या विमानतळावर जाऊन थांबला.

"तुम्ही वर का नेलात?" मी म्हणालो.

"मी कशाला नेऊ? ताणला की दोरा आपला रस्ता आपण शोधतो. तुम्ही अडवून धरला होतात."

एकवीस सेंटिमीटर. आठ हजार नऊशे छत्तीस किलोमीटर. मी शेवटचा प्रयत्न म्हणून दाखवून दिलं की तो प्रसिद्ध पोचा बरोबर वाटेत आहे आणि दोरा त्याच्यावरून अधांतरी जातो आहे, तो पोच्यात उतरवून पलीकडे चढवायला हवा. शिंपीकाकांनी शांतपणे विचारलं, "विमान आहे ना?" आतून तुझ्या भावजयीचं हसणं ऐकू आलं. त्यानंतर मी विमान आकाशात चढतं ते अकरा किलोमीटर आणि उतरतं ते अकरा मिळवले. दोन्ही विमानतळांच्या आत चालावं लागतं त्याचे सहा धरले. उतरायला जागा नाही म्हणून विमानाला तुझ्या गावावर घिरट्या घालायला लावल्या, एक, दोन, पाच. तरी नऊ हजारांच्या उंबरठ्याशी येऊन आकडा बसला तो बसला. पूर्वपक्ष संपला होता.

टेप गुंडाळता गुंडाळता शिंपीकाकांनी विचारलं, "कोण असतं तिकडे?"

"मोठी बहीण."

"मग सैल कशाला धरला होता?"

एवढंच बोलून ते खाली गेले. त्यांना काही सुचवायचं नव्हतं ग, ते दोऱ्याविषयीच बोलत होते. पण मला माझंच एक जुनं पत्र आठवलं. पाच वर्षांपूर्वी भावोजी गेले तेव्हा मी आलो नाही. अंतर फार, असं तुला कळवलं आणि सोबत स्वतः रचलेला चार चरणांचा श्लोक पाठवला. तुझं उत्तर आलं, दोन शब्दांचं : "श्लोक मिळाला." इतकी वर्षं मी ते दोन शब्द पोच म्हणून वाचत आलो. अक्का, अंतराला मी घाबरलो नव्हतो. विमानाला घाबरलो होतो, आणि तुझ्यासमोर येऊन काय बोलायचं याला त्याहून जास्त. माणूस समोर असताना श्लोक म्हणता येत नाही आणि मला दुसरं फारसं काही येत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या भावजयीला सांगितलं तर म्हणाली, "मला माहीत होतं." हिला न सांगितलेलं सगळं माहीत असतं. सांगितलेलं तेवढं विसरते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिकीट काढायला गेलो. काचेमागे बसलेली मुलगी माझ्या माजी विद्यार्थिनींच्याच वयाची, पण त्यांच्यापेक्षा माझं जास्त ऐकून घेणारी. मी तिला विचारलं की विमान वर गेल्यावर कुणाला उतरावंसं वाटलं तर काय सोय असते. ती म्हणाली, "काका, पाणी देतात." एवढ्या आश्वासनावर मी सही केली. पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेला सकाळी निघतो आणि तुमच्या घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी संध्याकाळी पोहोचतो. (एवढा प्रवास करून दिवस मात्र तोच! या हिशेबाने मी जरा आधी निघालो असतो तर अकरा वर्षांपूर्वी पोहोचलो असतो.) खिडकीची जागा तुझ्या भावजयीने घेतली आहे. मला बाहेर बघायचं नाही आणि तिला माझ्याकडे बघायचं नाही, अशी दोघांचीही सोय झाली. तुझ्यासाठी विणलेली लोकरीची शाल तिने कपाटातून काढली. मी विचारलं, ही कधी विणलीस? म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदा 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणालात त्या हिवाळ्यात." शालीला कसरीने दोन भोकं पाडली आहेत. ती रफू करायला शिंपीकाकांकडे दिली आहे.

शाळेतही बातमी पसरली. मुख्याध्यापकांना मी रजेचा अर्ज देण्याआधीच सगळं ठाऊक होतं. (भिंतीतल्या भोकाचा हा उपयोग मला तेव्हा कळला.) भूगोलाच्या बाई म्हणाल्या, बेटावरून जाताना खाली नक्की बघा आणि ते खरोखर केवढं आहे ते येऊन सांगा. मी त्यांना सांगितलं आहे की त्या वेळी माझे डोळे मिटलेले असतील, पण खिडकीत माणूस ठेवला आहे.

गुडघ्याला जप. माझ्यासाठी काही खटाटोप करू नकोस, एक बसायला जागा आणि एक भिंत धरायला पुरे. भाच्याला आशीर्वाद, त्याच्या मुलाला दोन. आणि सुरुवातीला राहिलेलं आठवं अंग आता सुधारलं आहे, ते सोबत घेऊनच येतो.

तुझा,
शिकलेला भाऊ

ता. क. सोबत एकवीस सेंटिमीटर काळा दोरा पाठवला आहे. शिंपीकाकांनी स्वतः कापून दोन्ही टोकांना गाठी मारल्या आहेत. तुझ्या नातवाच्या पृथ्वीगोलावर लावून खातरी कर. त्याचा गोल आमच्यापेक्षा लहान असला तर दोरा उरेल. तेवढ्यावरून नवीन वाद काढू नकोस.

आणखी एक. तो श्लोक तू ठेवला असशील (तू काही टाकत नाहीस), तर आता टाकून दे. दुसऱ्या चरणात एक मात्रा जास्त झाली होती. बाकी सगळंच कमी होतं.

आणि आता शेवटचं, जे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. तिकिटं हातात देण्याआधी त्या मुलीने सांगितलं की आमचं विमान थेट तुझ्याकडे येत नाही. ते बेट वगैरे वाटेत नाहीच. (भूगोलाच्या बाईंना अजून सांगितलेलं नाही.) आधी ते खाली दक्षिणेला एका तिसऱ्याच विमानतळावर जातं, तिथे दुसऱ्या विमानात बसायचं, मग तुझ्याकडे. घरी येऊन हाही रस्ता मोजला. दोरा ताणून, शिंपीकाकांच्या देखत, टाचा टेकवून. साडेपंचवीस सेंटिमीटर, म्हणजे दहा हजार आठशे एक्कावन्न किलोमीटर. अक्का, पैज मी जिंकलो आहे. ती मुलगी हे सांगत होती तेव्हा पैसे माझ्याच हातात होते आणि माझ्या मागे दार उघडं होतं. मी फक्त एवढंच विचारलं, की बाई, त्या दुसऱ्या विमानातही पाणी देतात ना?

तेव्हा अटीप्रमाणे तू आता मला 'ये' म्हणायचं नाहीस. अट म्हणजे अट, अजिबात म्हणू नकोस. सतरा तारखेला संध्याकाळी दाराला आतून कडी घालू नकोस, एवढंच मागणं आहे.